फिल्टर काढला, आवाज वाढला, पण पॉवर कुठंय?

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, हवा. कोणाला कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) लावायचाय, कोणी एअरबॉक्सला (फिल्टरच्या डब्याला) भोकं पाडून बसलंय, कोणाला पंखा बसवायचाय. तेव्हा या वेळी फक्त हवेचंच बोलू, चेन-स्प्रॉकेट आणि क्लचवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा.

प्रश्न : सर, माझी २०१२ ची पल्सर १५० आहे, कार्बोरेटरवाली. नाना पेठेत कोन फिल्टर बघून आलो, दुकानदार म्हणतो एअरबॉक्स काढून टाकायचा आणि हा डायरेक्ट कार्बला लावायचा, दोन-तीन बीएचपी आरामात वाढते. मित्राने लावलाय, त्याची गाडी खरंच भारी वाटते. लावू का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोथरूड

भारी वाटते हे शंभर टक्के खरंय मित्रा, कारण एअरबॉक्स गेला की इंजिन हवा ओढतं तो घरघराट थेट मांडीखालून कानात येतो आणि आवाज वाढला की गाडी पळायला लागली असंच वाटतं, ते कोणालाही वाटेल. पण मोबाईलवर जीपीएसचं अ‍ॅप लाव आणि मित्राला सांग की रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० ते ७० ला किती सेकंद लागतात ते मोज, आधी कोन फिल्टरवर आणि मग जुना डबा परत लावून. तोंडावरचा रंग बघण्यासारखा असेल.

आता तू इंजिनिअरिंगचा आहेस म्हणून हिशोबच करू. १५० सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदाच हवा ओढतं. ९००० आरपीएम म्हणजे मिनिटाला ४५०० वेळा, आणि दर वेळी सिलिंडर अगदी गच्च भरला असं धरलं तरी मिनिटाला ६७५ लिटर. ही हवा एका चांगल्या स्वच्छ कंपनी फिल्टरमधून जाताना दाब किती पडतो, तेवढाच काय तो तुझा फायदा, त्यापेक्षा जास्त फिल्टर बदलून मिळूच शकत नाही. आणि हे मोजता येतं. पारदर्शक प्लास्टिकची नळी घे, यू आकारात वाकव, रंगीत पाणी भर, एक टोक एअरबॉक्सला फिल्टरच्या नंतरच्या बाजूला जोड (सेकंडरी एअरची नळी जिथं लागते ती जागा सोयीची पडते, ती नळी तेवढ्यापुरती बुच लावून ठेव), दुसरं टोक मोकळं. फुल थ्रॉटलला दोन बाजूंच्या पाण्यात १० सेंटिमीटरचा फरक पडला तर तो झाला साधारण १ टक्का वातावरणाचा दाब. नळीचे दोन्ही हात चांगले लांब ठेव, नाहीतर पाणी इंजिनात जाईल, आणि चालवताना नळीकडे बघत बसू नकोस, मोबाईल चिकटवून व्हिडिओ काढ आणि घरी येऊन बघ. पाणी थरथरत असेल तर नळीत बारीक अडथळा टाक. समजा फरक १५ सेंटिमीटर आला, म्हणजे दीड टक्का. तुझी गाडी १५ पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास बीएचपीच) आसपास, त्यातला दीड टक्का म्हणजे पाव पीएसच्या आतच. मग दुकानदाराचे दोन-तीन बीएचपी कुठून येतात ते त्यालाच विचार.

हे झालं फायद्याचं, आता तोटा. तुझ्या गाडीचा कार्ब सीव्ही टाईपचा आहे, म्हणजे एक्सलरेटरची केबल फक्त बटरफ्लाय (हवेच्या वाटेतली फिरती झडप) उघडते, वरची स्लाईड (वरखाली सरकणारा ठोकळा) व्हॅक्यूमवर स्वतःची स्वतः उचलली जाते. डायफ्रामच्या (स्लाईडला जोडलेल्या रबरी पडद्याच्या) वरच्या बाजूला व्हेंचुरीतला (कार्बच्या अरुंद गळ्यातला) कमी दाब आणि खालच्या बाजूला कार्बच्या तोंडाकडचा दाब, या फरकावर सगळा खेळ. एअरबॉक्समधली हवा शांत असते म्हणून हा खेळ नीट चालतो. उघडा कोन लावला की तोंडापाशी वाऱ्याचा मारा, बाजूने जाणाऱ्या पीएमटी बसचा झोत, सगळं थेट पोचतं आणि स्लाईड फडफडायला लागते. त्यात बऱ्याच स्वस्त कोनांची रबरी कॉलर एवढी जाड असते की कार्बच्या तोंडावरची हवेची बारीक भोकं अर्धी झाकली जातात. मग मधल्या आरपीएमला गाडी मिसिंग करते, एकदम पीळ दिला की दम टाकते, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटके. लोक मग जेट (पेट्रोलचं माप ठरवणारं कार्बमधलं बारीक भोक) बदलत बसतात, आणि भोकं झाकलेली आहेत हे कोणी बघतच नाही.

आणि डबा म्हणजे नुसता डबा नाही. सिंगल सिलिंडर इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा हबके मारत हवा ओढतं, मधल्या वेळात काहीच नाही. एअरबॉक्सचं पोट आणि त्याच्या नळीची लांबी हे सगळं जमवून ठेवलेलं असतं, जेणेकरून ३ ते ६ हजारात टॉर्क भरलेला राहील. तू दिवसभर कर्वे रोडला आणि पौड फाट्याला याच आरपीएममध्ये असतोस ना? ९००० ला कधी असतोस? वरून कोन फिल्टर बसतो इंजिनच्या मागे, गरम हवेत. हवा ३ डिग्रीने तापली की घनता साधारण १ टक्का कमी होते, म्हणजे १० डिग्री गरम हवा ओढली की तीन टक्के गेले, पाव पीएस कमवायला निघालेला अर्धा पीएस घालवून आला.

एक राहिलंच, "समोरून वारा आत घुसतो म्हणून पॉवर वाढते" हे. १०० च्या स्पीडला अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा दाब मोजला तर तो वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. रॅम एअर सुपरबाईकला २५० च्या पुढे थोडं फळतं, चांदणी चौकात नाही.

तरी करायचंच असेल तर डबा आहे तसा ठेव, आत कंपनीच्या मापाचा चांगला कॉटन किंवा फोमचा फिल्टर टाक, तेल नीट लाव, आणि आवाजाची हौस कॉलेज संपल्यावर. हेच पैसे टॅपेट सेटिंग, नवीन प्लग, कार्ब क्लीनिंग आणि टायरच्या हवेवर घाल, दहा-बारा वर्षांच्या गाडीत तिथेच एक-दीड पीएस हरवलेला असतो. कोन कामाला येतो, नाही असं नाही, पण कॅम बदललाय, पोर्टिंग केलंय, सायलेन्सर मोकळाय, मेन जेट मोठा टाकून डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) मिक्श्चर बघितलंय अशा रेसच्या गाडीत. नुसता कोन म्हणजे आमटीत पाणी वाढवलं पण तिखट-मीठ तेवढंच.

प्रश्न : माझी २०२३ ची २०० सीसी एफआय (फ्युएल इंजेक्शन) गाडी आहे. कार्बवाल्यांना जेटिंगची कटकट असते ते समजलं, पण आमच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असतो, मग हवा वाढली की तो आपोआप पेट्रोल वाढवेलच ना? मग परफॉर्मन्स इनटेक लावायला काय हरकत?
— आयटीवाला, हिंजवडी फेज २

अर्धं बरोबर आहे तुमचं. आपल्या गाड्यांत येतो तो नॅरोबँड सेन्सर, त्याला एवढंच कळतं की मिश्रण ठरलेल्या मापाच्या वर आहे का खाली. शुद्ध पेट्रोलला ते हवा-पेट्रोलचं माप वजनाने १४.७ ला १, आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं त्याला साधारण साडेतेराला १, कारण इथेनॉलला हवा कमी लागते. तुम्ही एक्सप्रेसवेच्या सर्व्हिस रोडला ६० ने निवांत चाललाय तेव्हा ईसीयू सेन्सरचं ऐकतो आणि पेट्रोल थोडं इकडे तिकडे करतो. पण तेव्हा थ्रॉटल अर्धासुद्धा उघडा नसतो, हवा तुम्हीच बटरफ्लायने अडवून धरलीय, मग फिल्टर कितीही मोकळा असला तरी काय उपयोग? आणि ज्या क्षणी पीळ पूर्ण देता, तेव्हा ईसीयू सेन्सरचं ऐकणं बंद करतो आणि आत लिहिलेल्या मॅपवर चालतो, म्हणजे जिथं खरी गरज तिथं आपोआप काही होत नाही. मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) प्रेशर सेन्सर असला तर थोडंफार सांभाळून घेतं, सगळं नाही.

बरं, एअरबॉक्सवर नुसता फिल्टर नसतो. इंजिनची ब्रीदर नळी (इंजिनातली तेलकट वाफ सोडणारी) तिथेच येते, काही गाड्यांत हवेचं तापमान मोजणारा सेन्सर डब्यात असतो. किट बसवणारा पोरगा ब्रीदर नळी अशीच खाली सोडून देतो, मग मागच्या टायरवर तेलाचे थेंब, आणि पावसाळ्यात त्या टायरवर तुम्ही. सेन्सर गरम इंजिनशेजारी लटकवला तर ईसीयूला वाटतं हवा गरम आहे, विरळ आहे, तो पेट्रोल कमी करतो, म्हणजे जिथं वाढवायचं तिथं उलटं. करेक्शनची मर्यादा संपली की चेक इंजिनचा दिवा.

रिमॅप करता येतं हो, पिगीबॅक (ईसीयूला जोडायचा जादा डबा) लावता येतो, पण वॉरंटी विसरायची. आणि कायद्याचं पण ऐकून ठेवा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं लिहिलेलं आहे. गाडीची मान्यता होते तेव्हा धूर आणि आवाज दोन्ही तपासले जातात, आणि आवाजात इनटेकचा आवाजही आला. आपल्याच वेताळ टेकडीवर एआरएआयमध्ये (गाड्या तपासणाऱ्या, १९६६ ला सुरू झालेल्या संस्थेत) हे काम चालतं, तिथं पास झालेली गाडी तुम्ही हिंजवडीत बदलून टाकता.

प्रश्न : दादा मी पार्सलचं काम करतो, दिवसभर चाकण भोसरी मोशी. स्प्लेंडर आहे. अ‍ॅव्हरेज ६५ वरून ५० ला आलंय, पिकअप पण गेलाय, प्लग काढला तर काळा. मेकॅनिक म्हणतो फिल्टर काढूनच टाक, मोकळी पळेल. काढू का?
— एक वाचक, भोसरी

अजिबात काढू नका भाऊ. खरं सांगायचं तर या महिन्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुमचाच आहे, बाकीचे हौसेचे.

मेकॅनिकने दुखणं बरोबर ओळखलंय पण औषध चुकीचं दिलंय. फिल्टर चोंदलाय, हवा कमी येते, तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त पडतं, म्हणून प्लग काळा, म्हणून अ‍ॅव्हरेज गेलं. पण फिल्टर काढला की चाकणची धूळ सरळ सिलिंडरमध्ये. ट्रकच्या चाकाखालून उडणाऱ्या धुळीत सिलिका असते म्हणजे वाळूच, ती लायनरच्या लोखंडापेक्षा कडक. ती तेलात मिसळली की रिंगा आणि बोअरवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं. सुरुवातीला गाडी मस्त पळते, मेकॅनिक शहाणा ठरतो, मग काही महिन्यांनी निळा धूर, तेल कमी होणं, आणि मग रिबोअर-पिस्टनचा खर्च. फिल्टर काही शे रुपयांचा, रिबोअर काही हजारांचं, वर गाडी गॅरेजला असताना काम बंद ते वेगळंच.

आता करायचं काय. डबा उघडून आधी बघा आत काय आहे. फोम असेल तर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवा, पिळायचा नाही, पिळला की फाटतो. पेट्रोलमध्ये धुऊ नका, फोम पण खराब होतो आणि आग लागायची भीती वेगळी. पूर्ण वाळला की स्वच्छ तेलात भिजवून जादा तेल दाबून काढा. कोरडा फोम लावला तर बारीक धूळ आरपार जाते, हे बरेच जण विसरतात. आतला फिल्टर कागदी असेल आणि हाताला चिकट लागत असेल तर तो धुवायचाही नाही आणि हवा पण मारायची नाही, सरळ बदलायचा. पंपावर हवेचा प्रेशर मारला की कागदाला न दिसणारी भोकं पडतात, फिल्टर स्वच्छ दिसतो आणि काम शून्य. साधा कोरडा कागदी असेल तर आतल्या बाजूने बाहेर अशी हलकी हवा चालेल, तीही लांबून.

कंपनीने पुस्तकात जेवढे किलोमीटर लिहिलेत ते बऱ्या रस्त्यासाठी, तुमच्या रूटला निम्म्यावरच बदला. पण रोज उघडून बघायची पण गरज नाही हं, थोडी धूळ बसलेला कागद उलट नव्यापेक्षा बारीक धूळ चांगली अडवतो, आणि दर वेळी डबा उघडला की थोडी धूळ आत पडतेच. डब्याचं झाकण बसवताना रबर पट्टी जागेवर आहे का बघा, आणि डबा ते कार्बमधल्या रबरी बूटला चीर आहे का, कारण तिथून हवा ओढत असेल तर फिल्टर सोन्याचा लावला तरी उपयोग नाही.

पावसाळ्याचं पण सांगून ठेवतो. पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी घालू नका, आणि घातली आणि मध्येच बंद पडली तर किक मारत बसू नका. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढा, प्लग काढा, डबा उघडा, फिल्टर ओला असेल तर तो लावून चालू करू नका.

प्रश्न : ऑनलाईन ७९९ रुपयांत "इलेक्ट्रिक टर्बो" मिळतोय, बारा व्होल्टचा पंखा, इनटेक पाईपमध्ये बसतो. कुणी वापरलाय का?
— अ‍ॅक्टिव्हावाला, वारजे

कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा आहे तो. नुसता वारा घालतो, दाब तयार करत नाही, आणि खरा टर्बो दाबावर चालतो. इंजिन जोरात ओढायला लागलं की हाच पंखा वाटेतला अडथळा होतो, आणि त्याचं एखादं पातं तुटलं तर ते कुठे जाईल याचा विचार करा. ७९९ मध्ये दोन-तीन फिल्टर येतात.

प्रश्न : आरएक्स १०० आहे, वडिलांची, ९२ ची. फिल्टर बॉक्स काढून कार्ब उघडाच ठेवलाय, आवाज एक नंबर. परवा नवले ब्रिजकडून येताना मागचं चाक लॉक होऊन गाडी घसरली, थोडक्यात वाचलो. मेकॅनिक म्हणतो सीज झाली. फिल्टरचा संबंध आहे का?
— एक वाचक, धायरी

आहे, सरळ आहे. आणि वाचलात हे महत्त्वाचं, पुढच्या वेळी असं काही जाणवलं तर आधी क्लच दाबा.

टू स्ट्रोकला पेट्रोल हे नुसतं जळायला लागत नाही, आत येताना ते पिस्टन आणि क्रँक गार पण करतं. डबा काढल्यावर हवा वाढली, मेन जेट तोच, मिश्रण पातळ, पिस्टन तापून फुगला आणि बोअरला चिकटला. ते पण कधी, तर लांब उतारावर किंवा हायवेला बराच वेळ ताणल्यावर, म्हणून गल्लीत फिरताना कळत नाही. दुसरं, फोर स्ट्रोकमध्ये धूळ आधी सिलिंडरमध्ये जाते, टू स्ट्रोकमध्ये हवा आधी क्रँककेसमध्ये जाते, म्हणजे बिग एंडचं बेअरिंग, क्रँकची बेअरिंगं सगळी त्या धुळीत आंघोळ करतात. आता पिस्टन-बोअर बघून घ्या, क्रँकला प्ले आहे का बघा, आणि मूळ डबा शोधून आणून लावा. ९८ सीसी, ११ बीएचपी, १९९६ ला बंद झालेली गाडी, तिचे ओरिजिनल पार्ट आता सोन्याच्या भावाने मिळतात, ते कोन फिल्टरच्या आवाजासाठी घालवू नका.

प्रश्न : पुण्यात गाडी मस्त चालते पण पसरणी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की दम खाते, जड वाटते. कार्ब गाडी आहे. फ्री फ्लो फिल्टर लावला तर फरक पडेल का?
— एक वाचक, बिबवेवाडी

नाही पडणार, कारण तिथं फिल्टर अडवत नाहीये, हवाच कमी आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर १३५० च्या पुढे. उंची १०० मीटर वाढली की हवा अंदाजे एक टक्का विरळ होते, म्हणजे पुण्यापेक्षा आठेक टक्के हवा कमी, तेवढीच पॉवर कमी. कार्बला हे कळत नाही, तो पेट्रोल जवळपास तेवढंच सोडतो, म्हणून गाडी थोडी रिच होऊन जड लागते. दोन दिवसांच्या ट्रिपसाठी काही करू नका, एक गिअर खालचा ठेवा. आणि स्ट्रॉबेरीच्या दिवसांत गेलात तर थंड हवेने थोडं भरून पण निघतं.

प्रश्न : माझ्या मुलाने गाडीला कसलासा लाल फिल्टर लावलाय. वाड्यातले लोक आवाजावरून मला बोलतात. मी त्याला म्हटलं हे बेकायदा असेल, तर तो पीयूसीचा कागद नाचवतो की गाडी पास झाली म्हणजे सगळं ओके. खरं काय?
— एक गृहिणी, सदाशिव पेठ

ताई, पेट्रोल दुचाकीची पीयूसी गाडी उभी असताना, आयडलला होते, त्यात कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन एवढंच बघतात. आयडलला इंजिन जेमतेम हवा ओढतं, तेव्हा लाल फिल्टर काय आणि काळा काय, आकडे पासच येणार. उलट मिश्रण थोडं पातळ झालं असेल तर कार्बन मोनॉक्साईड आणखी कमी दिसतो आणि चिरंजीव आणखी खूष. आवाज त्या मशीनला कळतच नाही. तेव्हा तो कागद खरा आहे, पण त्यातून फिल्टर कायदेशीर असल्याचं सिद्ध होत नाही. वर हिंजवडीच्या वाचकांना कलम सांगितलंय, ते पान त्याच्या उशाशी ठेवा. आणि काढलेला जुना एअरबॉक्स त्याने भंगारात दिलाय का ते आधी विचारा, दिला नसेल तर माळ्यावर असेल, लावायला अर्धा तास लागतो. ब्रीदरची नळी परत जोडायला मात्र विसरू नको म्हणावं.